सासरेबुवांची पेटी आणि जवसाचं तेल

मुक्काम केशोरी,
चैत्र वद्य पंचमी

रा. रा. ईश्वरदासजी, मुक्काम मुर्री, यांस केशोरीहून केवलरामाचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडून झाल्यावर मगच लेखणी उचलली आहे, खोटं लिहीत नाही.) देवकाबाई वहिनींना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि तुमची खुशाली परमेश्वराकडे आणि परमेश्वराला सवड नसेल तेव्हा अर्जुनीच्या बाजारात मुर्रीकडचा जो कोणी भेटेल त्याच्याकडे विचारत असतो. मागच्या बाजारात कळलं की तुमचा गुडघा धरला आहे. त्यावर निरगुडीचा पाला गरम करून बांधावा. आमच्या घराची चौकट अजून तेवढीच ठेंगणी आहे आणि तिच्यावर तुमचं कपाळ जिथं आपटायचं ती जागा अजून गुळगुळीत आहे. तुम्ही येणं बंद केल्यापासून तुमच्याएवढा उंच पाहुणा या घरात आला नाही.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहीत आहे, तुमच्या बहिणीला यातलं काही ठाऊक नाही. (ती समोर बसून लाखोळीची डाळ निवडते आहे आणि मधूनमधून “पेटीचं लिवलं का?” असं विचारते आहे, तो भाग वेगळा.) शिवाय हे पत्र काही मागण्यासाठी नाही, हेही आधीच सांगून टाकतो. सासरेबुवांच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या, हत्यारांच्या लोखंडी पेटीला मी नवा रंग दिला. ही बातमी तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी, एवढाच हेतू.

ती पेटी तुम्हाला आठवत असेलच. सासरेबुवा चैतराम मिस्त्री गोंदियाच्या धानगिरणीत इंजिनाजवळ जायचे तेव्हा ती गाडीवर जायची आणि संध्याकाळी गाडीवर परत यायची, आणि तुमची बहीण सावित्री लहान असताना तीवर बसून त्यांना पाने आणि हातोडे काढून द्यायची, असं ती आजवर मला इतक्यांदा सांगत आली आहे की आता मीच ते पाने काढून दिल्यासारखं वाटतं. सासरेबुवांच्या तेरवीला पेटीवरून तुमचं आणि तिचं जे झालं त्यात मी पडत नाही. जावयानं अशा वेळी गोठ्यात जाऊन बैलांना वैरण टाकावी असा शिरस्ता आहे, आणि त्या दिवशी तुमच्या बैलांना मी जेवढी वैरण टाकली तेवढी त्यांनी जन्मात खाल्ली नसेल. पण गोठ्यातही ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, “बाईले हत्याराची पेटी कायले पाह्यजे?” ती म्हणाली, “बाबाची हाय म्हून.” मग तुम्ही म्हणालात, “ने मंग, पन किल्ली देत नाई,” आणि किल्ली करदोड्याला बांधलीत. ती पेटी घेऊन आली, तुम्ही किल्ली घेऊन बसलात, आणि तेव्हापासून पेटी बंद आणि बोलणंही बंद. तेव्हा आमची शामकला परकर सावरत धावायची. आता तिचं लग्न आहे, अक्षय तृतीयेला. (पत्रिका कुंकू लावून वेगळी येईल. ती छापील असते, तीत मनातलं काही घालता येत नाही.)

लग्न म्हटलं की आंदण आलं आणि आंदण म्हटलं की ट्रंक आली. आता या लढाईच्या दिवसांत लोखंडाची नवी ट्रंक कुठली मिळायला? गोंदियात विचारलं तर दुकानदार असं हसला की जणू मी त्याच्याकडे तोफ मागितली. तेव्हा सावित्रीच म्हणाली की बाबांची पेटी शामकलेसोबत धाडू. पण पेटी तुम्ही पाहिलीत तेव्हाची राहिली नव्हती. बाहेरून गंज चढून ती भाजलेल्या वांग्यासारखी झाली होती. मी म्हटलं, काळजी करू नको, मी तिला नवी करून देतो. माझ्या हातगुणाबद्दल तुम्हाला सांगायला नको. (वहिनींच्या घड्याळाचं जे झालं ते घड्याळ मुळातच नाजूक होतं.)

गंज काढण्याची माझी युक्ती आधी ऐका आणि मग हसा. आपण अंबाडी बोडीच्या साचल्या पाण्यात भिजत घालतो की नाही? पाण्यात मुरली की साल आपोआप सुटते, नुसती झटकली की धागा मोकळा. मी विचार केला, गंज ही लोखंडाची सालच की! तेव्हा पेटी घराच्या मागच्या बोडीत भिजत घातली आणि वर अंबाडीवर ठेवतात तसा दगड ठेवला. चैत्रात बोडीत पाणी कमी आणि चिखल जास्त. दोन-चार दिवसांनी पाहतो तर दगड वर आणि पेटी दिसेना. तिच्या वजनानं ती चिखलात उतरत गेली होती. आमचा गडी बकाराम कमरेइतक्या गाळात शिरून पायानं चाचपत होता आणि काठावर अर्धी केशोरी बसून त्याला दिशा दाखवत होती. शेवटी दोर बांधून हेल्यांची जोडी जुंपली तेव्हा पेटी बाहेर आली, आणि गंज? गंज दुप्पट झाला होता. सावित्रीनं पेटी धुतली, पदरानं पुसली आणि मला त्या दिवशी ताकाशिवाय जेवायला वाढलं. (आतली हत्यारं सुखरूप आहेत. कसं कळलं ते आत्ताच विचारू नका.)

मग शहाण्यासारखा विटेचा तुकडा आणि वाळू घेऊन घासायला बसलो. तिथं वेगळीच अडचण निघाली. तुमची बहीण दर दसऱ्याला त्या पेटीची पूजा करते, हळद, कुंकू, वर तेलाचं बोट. आणि भाऊबीजेला, आता लिहितोच आहे तर लिहून टाकतो, ती आधी चंद्राला ओवाळते आणि मग आत येऊन पेटीला ओवाळते. मी एकदा विचारलं, पेटी काय तुझा भाऊ आहे? तर म्हणाली, “तुमी जेवा.” तर अशा इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवाचा झाकणावर जो थर बसला होता तो विटेला दाद देईना. मी घासतो आणि ती मागे उभी राहून “हळू, हळू” म्हणते, जणू पेटीला दुखत होतं. शेवटी तो थर निघाला आणि खाली एका कोपऱ्यात जुना मूळ रंग दिसला. हिरवा! मी इतकी वर्षं पैजेवर सांगत होतो की पेटी लाल होती. ती बोटभर हिरवी जागा पाहून तुमची बहीण हसली आणि लगेच डोळे पुसायला आत गेली. तुमच्याकडे लपवायचं काय, मलाही गलबलून आलं. तेव्हाच ठरलं की रंग हिरवाच द्यायचा.

पण रंग आणायचा कुठून? तयार रंगाचे डबे दुकानातून केव्हाच नाहीसे झालेले. तेव्हा मला आठवलं की पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायची हिरवी पूड कोनाड्यात शिल्लक आहे. पूड झाली, आता ती कालवायला तेल. नवीन जवसाचं घाण्याचं तेल घरात भरून ठेवलेलं होतं, लग्नाच्या स्वयंपाकासाठी. (इथं एक खूण करून ठेवतो : या तेलावरून घरात जे बोलणं झालं ते मी लिहिणार नाही.) पळसाच्या मुळीचा कुंचा ठेचून तयार केला आणि एका सकाळी सपरीत, म्हणजे आपल्या पुढच्या पडवीत, पेटी ठेवून तिला असा झकास रंग दिला की जाणारे-येणारे थांबून बघायचे. पोपटाला लाज वाटावी असा रंग. लोहार सेवकराम बघायला आला. त्याचं म्हणणं, तेल कढवून घ्यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, तू पण कढवत नाहीस. तो म्हणाला, मी रंग देतच नाही. तोपर्यंत रंग देऊन झाला होता.

तो रंग वाळेना. दुसऱ्या दिवशी हात लावला, हात हिरवा. आठवडा गेला, हात हिरवाच. उन्हात ठेवली तर रंग पातळ होऊन खाली ओघळायचा, सावलीत ठेवली तर तसाच चिकट राहायचा. शेजारी धान उपणलं तेव्हा सगळा कोंडा येऊन पेटीवर बसला आणि तो काढायला मला कोंबडीच्या पिसानं अर्धा दिवस लागला. कोंबडीचं पीसही मग तिथंच चिकटलं. पण मी हिंमत सोडली नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की कोपऱ्यात एक बोट लावून बघायचं, हा माझा नेमच होऊन बसला. लोक तुळशीला पाणी घालतात, मी पेटीला बोट लावायचो.

अशातच आमचे व्याही केशोराव आले. मोठा मनाचा माणूस, पण येताना कळवायचं नाही ही सवय. मी मागच्या अंगणात होतो, सावित्री पाण्याला गेली होती. मी हातपाय धुऊन पुढे येतो तो व्याही सपरीत त्या पेटीवर ऐसपैस बसलेले! पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. आता तुम्हीच सांगा, मुलीच्या बापानं बसलेल्या व्याह्याला “उठा” म्हणावं कसं? पाणी दिलं नाही, सुपारी दिली नाही, आणि आल्याआल्या उठा? जन्माचं उणं राहील. मी मनाशी म्हटलं, आता जितका वेळ बसतील तितकं बरं, निदान उठण्याची वेळ तरी लांबेल. म्हणून मी पाणी दिलं, सुपारी दिली, धानाचं विचारलं, त्यांच्या आईच्या डोळ्यांचं विचारलं, मग पुन्हा धानाचं विचारलं. सावित्री घागर घेऊन आली, तिनं एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि घागर घेऊन आत गेली ती आतच राहिली. अखेर व्याही उठले. म्हणजे उठायला लागले, तर पेटीचं मन होईना. मी पुढे होऊन हात दिला. चर्र आवाज झाला आणि व्याही सुटले, आणि मागे धोतरावर पेटीच्या झाकणाचा पूर्ण छाप, चारही कोपऱ्यांच्या रिबिटांसकट.

पोरीचं लग्न आता या हिरव्या छापावर मोडतं की काय असं वाटून मी देवाचं नाव घेतलं. केशोरावांनी धोतर पुढे ओढून नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “व्याही, हळदीच्या आधी हिरवा लावाची तुमच्याकडे रीत हाय का जी?” आणि असे हसले की बकाराम गोठ्यातून धावत आला. मी त्यांना माझं धोतर दिलं. (ते त्यांना गुडघ्यापर्यंत आलं, माझी उंची तुम्हाला ठाऊकच आहे.) त्यांना पेटी मनापासून आवडली. म्हणाले, अशी भक्कम पेटी आमच्या गावात कोणाच्या सुनेनं आणली नाही. पण जाता जाता त्यांनी झाकणावर थाप मारली (हातही हिरवा झाला) आणि म्हणाले, “पोरीसंगं धाडून राहिले, तं एकडाव उघडून तं दाखवा.” मी सांगितलं की किल्ली पोरीच्या मामाकडे आहे. ते म्हणाले, “मंग मामाले बोलवा. मामा नाई तं पोरीले बोहल्यावर आनन कोन?” सावित्री दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं.

त्यानंतर घरात चोरीचा प्रकार झाला, म्हणजे चोरी झाली नाही, पण चोर आला. एका सकाळी नेमाप्रमाणे बोट लावायला गेलो तर पेटीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, बिजागरीपाशी, रंगात बोटांचे ठसे! कोणीतरी पेटी भिंतीपासून ओढून परत लावली होती. माझा पारा चढला. इतक्या दिवसांत मी तिथं एक माशी बसू दिली नव्हती. मी घरातल्या सगळ्यांना सपरीत उभं केलं आणि हात पुढे करायला लावले. बकारामचे हात शेणाचे, शामकलेचे मेंदीचे, सेवकराम लोहार उगाच वाटेनं जात होता त्यालाही बोलावलं, त्याचे कोळशाचे. तुमच्या बहिणीचे हात मात्र पाहता आले नाहीत, कारण ती नेमकी पिठात हात घालून बसली होती, आणि चोराला सगळ्यात मोठ्यानं शिव्या तीच देत होती. मी शेवटी ठसे मांजरावर घातले. मांजराला पाच बोटं सरळ रेषेत नसतात असं शामकला म्हणाली, पण तिला अजून संसाराचा अनुभव नाही.

असो. आता पेटी वाळली आहे. चैत्राच्या उन्हापुढे जवसाचं तेलही किती टिकणार? झाकणावर व्याह्यांच्या धोतराचं विणकाम उमटलं आहे ते मी तसंच ठेवलं, शोभतं. एका कोपऱ्यात मूळ हिरव्या रंगाची बोटभर जागा सावित्रीनं मला रंगवू दिली नाही, तीही तशीच आहे. संध्याकाळी बैल आले की मी पेटीशेजारी बसून सुपारी कातरतो आणि मला बरं वाटतं. पोरीला चांगलं घर मिळालं, व्याही हसतमुख मिळाले, पेटी हिरवी झाली. माणसाला आणखी काय लागतं? सगळ्यांना पुन्हा यथायोग्य सांगून, पान संपत आल्यामुळे आणि समोरची डाळ निवडून झाल्यामुळे, इथं हात आवरतो.

तुमचा जावई माणूस, पण तुमच्यापेक्षा ठेंगणा,
केवलराम

ता. क. – वर काही मागायचं नाही असं लिहिलं, ते खरंच आहे, फक्त किल्ली तेवढी हवी. टपालानं पाठवू नका, टपालाचा भरवसा नाही. कोणाच्या हाती देऊ नका, आजकाल माणसांचाही नाही. स्वतः घेऊन या. अर्जुनीच्या ठेसनावर बकाराम रेंगी घेऊन उभा राहील, बैल जुने आहेत, तुमच्या गुडघ्याला धक्का बसणार नाही. वहिनींनाही आणा.

ता. क. दुसरा – तुम्ही म्हणाल की एवढ्याशा कुलपासाठी मी कशाला यायचं, लोहार आहे की गावात. तर ऐका. सेवकराम छन्नी-हातोडा घेऊन आला होता. म्हणाला, एक घाव आणि कुलूप खाली. सावित्री मुसळ घेऊन पेटीसमोर उभी राहिली. तो म्हणाला, “काऊन व बाई, कुलूप जुनं हाय, नवं लावू.” तेव्हा ती म्हणाली, “कुलूप तुटलं तं दादाले कायच्या निमतानं बोलवू?” सेवकरामानं हातोडा पिशवीत घातला आणि चहाही न घेता गेला. मी त्या वेळी तिथंच होतो. तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही, म्हणून हे पत्र. पोरीच्या पाठीशी मामा उभा असावा असं मलाही वाटतं, हे मी आधीच पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण रंगाचं लिहिता लिहिता राहून गेलं.

ता. क. तिसरा (हा एकट्यानं वाचा आणि तुमच्या बहिणीला यातलं कधी सांगू नका) – किल्ली हरवली असली, करदोडा तुटून विहिरीत पडली असली, तरी या. मी ते मांजराचे ठसे पुसायला कुंचा घेऊन मागे गेलो तेव्हा बिजागरीची खीळ अलगद माझ्या हातात आली. दुसरी धरली, तीही आली. कोणीतरी आधीच काढून, तेल लावून परत बसवलेल्या होत्या. झाकण मागून उचललं. कुलूप पुढे जसंच्या तसं लटकत होतं. आत सासरेबुवांची हत्यारं तेलकट चिंध्यांत गुंडाळलेली, बोडीचं पाणीही त्यांना शिवलं नाही. आणि त्यांच्यावर, कागदात घालून, नवी कोरी धोतरजोडी, काठाला हळदीचं बोट लावलेली. मामाचा आहेर. कागदावर हिरवी बोटं. मी ती उलगडून माझ्या कमरेला लावून पाहिली, तर निम्मं धोतर जमिनीवर लोळत होतं. मग होती तशी घडी घालून ठेवली, दोन्ही खिळी बसवल्या, आणि वर रंगाचा एक हात मारला. ती मला अजून रोज विचारते, “दादा किल्ली आनन नं?” मी सांगतो, आणेल.